‘लीलावती’तील गोष्ट आणि गणित

गणिताची भीती घालवायची तर तासाला गोष्ट सांगावी, असा सल्ला शिक्षकांना वारंवार मिळतो. सल्ला चांगला आहे, पण गोष्ट कोणती निवडावी हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे या कामी हमखास आठवते ती भास्कराचार्यांची ‘लीलावती’. ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा हा पहिला भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. शिकण्या-शिकवण्याच्या या ग्रंथाकडे आपण शिक्षकाच्याच नजरेने पाहू.

वर्गात बहुधा सांगितली जाते ती लीलावतीच्या लग्नाची कथा. घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि लेकीच्या समाधानासाठी वडिलांनी ग्रंथ लिहिला. ही कथा मूळ ग्रंथात नाही. ती फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून पसरली. मुले ती तन्मय होऊन ऐकतात, पण शेवटी त्यांच्या हाती गणित काहीच लागत नाही.

ग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण पाहू. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीवर गेले, थव्याचा आठ नवमांश भागही तिकडेच गेला, आणि उरली एक जोडी. उत्तर ७२. कल्पना मोहक आहे. पण भुंग्यांच्या जागी गोट्या घातल्या तरी काही बिघडत नाही. निम्म्या थव्याचे वर्गमूळ काढण्याची गरज त्या प्रसंगात कोणालाच नाही. हे गणिताला घातलेले अंगडे-टोपडे होय. वर्गसमीकरण शिकून झाल्यावर गंमत म्हणून ते अवश्य द्यावे. पण त्याने गणित समजेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

कमळाचे उदाहरण वेगळे आहे. तळ्यातल्या कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर बुडाली. तर पाणी किती खोल? येथे प्रश्न प्रसंगातूनच उगवतो. शिवाय सोडवण्याची किल्ली, म्हणजे देठाची लांबी बदलत नाही ही बाब, उदाहरणात सांगितलेलीच नाही. कमळ डोळ्यांसमोर आणणाऱ्या मुलालाच ती सापडते. मग काटकोन त्रिकोण दिसतो, आणि खोली पावणेचार हात येते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या गावी हे करून पाहायला तळे लागत नाही. पऱ्हाटीची १७ सें.मी. लांबीची सरळ काडी घ्यावी. कागदावर एक ठिपका काढून त्यापासून १५ सें.मी. वर आडवी रेघ मारावी. ती पाण्याची पातळी. काडीचे खालचे टोक ठिपक्यावर दाबून धरावे. उभी काडी रेघेच्या वर २ सें.मी. राहील. आता ती हळूहळू कलती करावी. वरचे टोक रेघेला टेकेल, तेव्हा ते मधल्या जागेपासून ८ सें.मी. वर असेल. १५, ८ आणि १७ ही भास्कराचार्यांच्याच मापांची चौपट आहे. पायथागोरसचा सिद्धांत येथे पाठ करावा लागत नाही. तो हाताला जाणवतो.

एखादा विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, खरा देठ तर वाकतो!” त्याला गप्प करू नये. देठ ताठ मानला, म्हणूनच उत्तर मिळाले. गणित वास्तवातले काय धरते आणि काय सोडते, हे त्या शंकेतूनच वर्गाला उमगते. भुंग्यांच्या उदाहरणात अशी शंका निघायला जागाच नाही.

तेव्हा गोष्ट निवडताना एकच कसोटी लावावी: गोष्ट बाजूला काढली तर गणित सोडवायला काही कमी पडते का? कमी पडत असेल, तर ती गोष्ट गणिताच्या तासाची. नसेल, तर ती खुशाल मराठीच्या तासाला सांगावी.