कोरड्या विहिरीवरचा माळी

आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) म्हटले, की अनेकांना रोममधील बर्निनीचे शिल्प आठवते: मिटलेले डोळे, भावावेगाने मागे कललेली मान. शिल्प अप्रतिमच आहे. तरी तेरेसेचे आत्मचरित्र वाचताना आम्हांला वारंवार वाटले, की या संगमरवराने तिच्यावर थोडा अन्याय केला आहे. ग्रंथातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली तेरेसा समाधीत नाही. ती घड्याळाचा ठोका कधी पडतो याची वाट पाहत बसली आहे.

१५३५ साली ती कार्मेलाइट मठात दाखल झाली. मनःप्रार्थनेचा, म्हणजे देवाच्या सान्निध्यात मनाने बसण्याचा तास एकदा संपावा, एवढीच इच्छा काही वर्षे कितीदा तरी आपल्या मनात असे, अशी कबुली ती आठव्या प्रकरणात देते. सुमारे अठरा वर्षे हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचा तिला धीर होत नसे. मध्यंतरी वर्षाहून अधिक काळ तिने ही प्रार्थना सोडूनच दिली, आणि तीही नम्रतेच्या नावाखाली! हे सारे ती आपल्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून, त्यांच्याच डोळ्यांखालून जाण्यासाठी लिहीत होती. त्याच प्रकरणात एक वाक्य सहज येऊन जाते: मन मारून बसल्यावर जी स्वस्थता लाभे, ती हौसेने बसलेल्या वेळीही कधी कधी लाभत नसे.

अकराव्या प्रकरणापासून बागेचे रूपक सुरू होते. माळ्याने पाणी आणण्याचे चार मार्ग: विहिरीतून शेंदणे, रहाट, पाट आणि पाऊस. ज्यांनी वाड्यातल्या आडावर पोहरा ओढला आहे, त्यांना पहिल्या मार्गाचे कष्ट समजावून सांगायला नकोत. पण तेरेसा तेथे थांबत नाही. विहीरच कोरडी निघाली तर? माळ्याने आपले काम करीत राहावे, ती म्हणते. बागेचा धनी पाण्यावाचूनही फुले जगवील. पाणी म्हणजे तिच्या लेखी अश्रू आणि अंतरीचा ओलावा. तो नसणे हा प्रार्थनेचा पराभव नव्हे, एवढे ती कोरडेपणानेच सांगते, आणि म्हणूनच ते पटते.

दुसऱ्या पाण्याला ती स्वस्थतेची प्रार्थना म्हणते. आम्ही येथे निर्विचार शांततेची अपेक्षा धरून होतो. प्रत्यक्षात चौदाव्या प्रकरणात कबुतरे भेटतात! इच्छाशक्ती ठाण मांडून बसलेली. बुद्धी आणि स्मृती मात्र खुराड्याच्या धन्याने दिलेला दाणा सोडून बाहेर भटकतात, काही धड न मिळाल्याने परततात. मन भटकत असतानाही मूळ जागा सुटलेली नाही, हीच तिची शांती.

पुढील पायऱ्यांवर मात्र गद्य सैल होते. शब्द अपुरे पडत असल्याची तक्रार वाढते, विषयांतरे लांबतात. शिवाय चार पाण्यांच्या क्रमामुळे वाचक त्यांना शिडी समजून आपण कोणत्या पायरीवर आहोत हे मोजू लागतो. आम्हीही पहिल्या वाचनात तेच केले.

गोव्यातील कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स चाललेली असताना पेंगणारी मुले, किंवा आपल्याकडे जपमाळ ओढता ओढता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हा ग्रंथ आठव्या प्रकरणापासून उघडावा. मग अकरावे, मग चौदावे. साक्षात्कारांची प्रकरणे सावकाश वाचली तरी चालतील.