रचनासूत्रे आणि देवनागरी अक्षर

संगणकीय अर्जात भरलेला मजकूर अपेक्षित घाटाचा आहे की नाही, हे पारखण्यासाठी 'रेग्युलर एक्स्प्रेशन' या साधनाचा सर्रास उपयोग केला जातो. (येथे त्यास रचनासूत्र म्हटले आहे.) पिनकोडाच्या घाटापुरते हे साधन उत्तम होय : पहिला अंक शून्येतर, पुढे कोणतेही पाच अंक, एवढे सांगितले की काम संपते. परंतु हीच पद्धती देवनागरीत लिहिलेल्या विशेषनामांस लावली जाते तेव्हा सूत्रकार नकळत व्याकरणकार होतो, आणि त्याचे व्याकरण बहुधा अपुरे असते.

उदाहरणादाखल [अ-ह]+ हे सूत्र घ्यावे. 'अ'पासून 'ह'पर्यंतचे एक वा अनेक वर्ण, असा त्याचा अर्थ. वर्णमालेच्या संस्काराने पाहणाऱ्यास प्रथम शंका येईल ती 'ळ'विषयी. कारण परंपरेने तो 'ह'नंतर येतो. ही शंका व्यर्थ आहे. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'लगत असल्याने तो सूत्रात सापडतो. निसटतात ते काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह. कारण युनिकोडने त्यांना दिलेली स्वतंत्र स्थाने या मर्यादेबाहेर पडतात. परिणामी शरद व कमल ही नावे ग्राह्य, आणि सीता व गोविंद अग्राह्य! २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झालेला 'ॲ' तर 'ह'च्या बराच पुढे आहे; ॲग्नेस हे नाव पहिल्याच वर्णावर अडते. अर्जदाराने आपले नाव बिनचूक लिहूनही 'नाव अवैध' हा शेरा त्याच्याच माथी येतो, आणि रोमन लिपीचा आश्रय घेण्यावाचून त्यास गत्यंतर उरत नाही. सूत्राचे आदी व अंत बांधलेले नसतील, तर 'गोविंद'मधील एकट्या 'ग'वर समाधान मानून यंत्र ते नाव स्वीकारते आणि दोष झाकला जातो.

याउलट काही सूत्रकार देवनागरीचा संपूर्ण विभागच खुला करतात. मग दंड, अंक, ॐ, इतकेच काय, आरंभीच काना असलेली वर्णमालिकाही नाव म्हणून मान्य होते.

साधनामागील सिद्धान्त दुबळा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. स्टीफन क्लेनी यांचा या विषयावरील मूलभूत निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोम चॉम्स्की यांनी इंग्रजी वाक्यरचनेस मर्यादित अवस्थांचे व्याकरण पुरे पडत नाही, हे दाखविले. त्यावरून अशी व्याकरणे भाषाविचारास निरुपयोगी मानणे योग्य नव्हे. वाक्याच्या पोटात वाक्य गुंफता येते. अक्षराच्या पोटात अक्षर गुंफले जात नाही. स्वतंत्र स्वर, अथवा हलन्ताने जोडलेली व्यंजनमालिका व तीवर ऐच्छिक स्वरचिन्ह. अखेरीस ऐच्छिक अनुस्वार वा विसर्ग. 'विद्वान्'सारख्या रूपांसाठी अन्त्य हलन्ताची मुभा : एवढ्या वर्णनात मराठी नावांतील बहुतेक सर्व अक्षरे बसतात, आणि हे सारे रचनासूत्रात मांडता येते. उणीव आहे ती वर्णनाची.

'कऱ्हाडे' या आडनावावरून हे अधिक स्पष्ट होईल. वाचकाच्या दृष्टीने यात तीन अक्षरे आहेत : क, ऱ्हा, डे. यंत्राच्या दृष्टीने सात घटक आहेत : क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. लांबीची मर्यादा सांगणारे सूत्र सामान्यतः हे सात घटक मोजते, तीन अक्षरे नव्हेत. शिवाय 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन रीतींनी साठविता येते : 'ऱ' व हलन्त योजून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य संयोजकचिन्ह योजून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. हे संयोजकचिन्ह देवनागरी विभागाबाहेरचे असल्याने, संपूर्ण विभाग खुला करणारे उदार सूत्रही दुसरे रूप नाकारते.

हलन्तानंतर त्या चिन्हास जागा दिली की दोन्ही रूपे मान्य होतात. तथापि ती एकच आहेत, हे सांगणे रचनासूत्राच्या कक्षेत येत नाही. ते केवळ होय वा नाही एवढेच उत्तर देते. युनिकोडची प्रमाणीकरणप्रक्रियाही ही दोन रूपे एक करीत नाही. त्यासाठी तपासणीपूर्वी एकरूपीकरणाचा वेगळा नियम योजावा लागतो. तो नसेल, तर एका कचेरीत एका रूपाने व दुसरीत दुसऱ्या रूपाने नोंदलेले 'कऱ्हाडे' दोन्हीकडे वैध ठरेल, आणि दोन्ही नोंदी परस्परांशी जुळणार नाहीत.