आज्ञापत्रातील आरमार आणि मालवणचा किनारा

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेला 'आज्ञापत्र' हा इ. स. १७१५ च्या सुमाराचा ग्रंथ आपल्याकडे राजनीतीचे विवेचन म्हणून अभ्यासिला जातो. त्यातील आरमारविषयक प्रकरणाचा गौरव मात्र बहुधा समुद्रावरील सत्तेच्या सिद्धांतापाशीच थांबतो. भीमेकाठच्या राजगुरुनगरसारख्या ठिकाणी ते वाचणाऱ्यास समुद्र म्हणजे केवळ रणक्षेत्र, असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः या प्रकरणाचे मर्म निराळे आहे.

ग्रंथकार आरमाराकडे किनाऱ्यावर उभा राहून पाहतो. जहाजास आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी असले, तरी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या त्या झाडांस बळाने हात लावू नये, असे तो बजावतो. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून चालावा, त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर सोडू नये, अन्यथा व्यापारी नागवला जाईल, हेही तो जाणतो. पावसाळ्यात जहाजे बंदरात आणावीत, पण दरवर्षी एकाच बंदरी नव्हे. कारण आरमारी लोकांचा उपद्रव त्याच प्रांताने पुन्हा पुन्हा का सोसावा? सामर्थ्य वाढवितानाच त्यास आवर घालणारी ही दृष्टी, हेच या प्रकरणाचे खरे मोल होय.

तथापि त्याची मर्यादाही येथेच आहे. हे लेखन आज्ञा देणाऱ्याचे आहे. आज्ञा पाळणाऱ्याचे ज्ञान त्यात गृहीत धरले आहे. मालवणचे उदाहरण घ्यावे. तेथील कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. त्या भोवतालच्या बुडीत खडकांतून होडी न्यावयाची, तर तेथला तांडेलच हवा. समोरच्या किनाऱ्यावर गाबीत समाजाची रापण चालत आली आहे: होडीने जाळे अर्धवर्तुळात सोडावे, दोन्ही टोकांचे दोर अनेक हातांनी किनाऱ्यावरून ओढावेत, आणि मासळीचे वाटे ठरल्या रीतीने करावेत. पावसाळ्यात समुद्र सोडावा, हा नियम राजाज्ञेने निर्माण केलेला नाही. तो दर्यावर्दी जनांच्या अनुभवातून तिने उचलला आहे.

इटलीतील जोव्हान्नी वेर्गा यांनी 'इ मालाव्होल्या' (१८८१) या कादंबरीत समुद्रात गमावलेल्या मालाच्या कर्जापायी सिसिलीतील एका मच्छीमार कुटुंबाची होणारी वाताहत आतून दाखविली. राजनीतिपर ग्रंथाकडून तशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. परंतु समुद्रपरंपरा म्हणजे किल्ले व लढाया एवढेच, असा निष्कर्ष आपण काढला, तर तो दोष ग्रंथाचा नव्हे, वाचकाचा. ज्या बंदराचा व रयतेचा ग्रंथकार इतका विचार करतो, त्यांना वगळून त्याचे आरमार समजणार नाही. आज्ञापत्राच्या या प्रकरणावरील एक महत्त्वाचे भाष्य मालवणच्या वाळूवर अद्याप वाचावयाचे राहिले आहे.