काफे सेंट्रल: वास्तू आणि वाङ्मय

व्हिएन्नातल्या 'काफे सेंट्रल'मध्ये शिरताच टेबलाशी बसलेला पीटर आल्टेनबर्ग दिसतो. हा कागदाच्या लगद्याचा पुतळा आहे. पर्यटक त्याच्याशेजारी छायाचित्र काढतात आणि 'इथे लेखक बसत' एवढी माहिती घेऊन परततात. त्या बसण्याने वाङ्मयात काय घडले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

सेंट्रल १८७६मध्ये सुरू झाले. १८९७मध्ये लेखकांचा आवडता 'ग्रीनस्टाइडल' काफे पाडला गेला आणि ती मंडळी इकडे आली. त्या निमित्ताने कार्ल क्राउसने तरुण लेखकांची जी खिल्ली उडवली, तिचा रोख असा, की छप्पर गेल्यावर यांचे साहित्य उरणार कुठे? टीका बोचरी होती, पण पुरती खरी नव्हती. एका कपाच्या दामात तासन्‌तास बसण्याची मुभा, हाताशी वृत्तपत्रे, शेजारच्या टेबलावरचे संभाषण, यांतून लेखनाचा एक घाटच तयार झाला. आल्टेनबर्गने पत्ता म्हणून सेंट्रलचेच नाव दिले होते. त्याची पान-दीड पानांची शब्दचित्रे या अर्धवट ऐकलेल्या, मध्येच तुटणाऱ्या जगण्याची आहेत. आल्फ्रेड पोल्गारने १९२६मध्ये सेंट्रलचा 'सिद्धान्त' मांडला तोही उपरोधानेच: माणसांच्या गर्दीत एकटेपण शोधणाऱ्यांची ही जागा. स्वतःच्या अड्ड्याकडे असे तिरकस पाहता येणे, ही त्या लेखनाची खरी कमाई होय. त्या वर्तुळात स्त्रियांचा आवाज क्षीण होता, हेही नोंदवायला हवे.

हे जग कॉफी महागल्याने संपले नाही. त्यातले कितीतरी लेखक ज्यू होते. मार्च १९३८मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. एगोन फ्रीडेलने, अटकेसाठी माणसे दारी आली असे समजून, खिडकीतून उडी घेऊन जीव दिला. पोल्गार परागंदा झाला.

आजचे सेंट्रल १९७५मध्ये उघडले, तेही त्याच इमारतीच्या वेगळ्या भागात. म्हणजे पर्यटक ज्या खोलीला वंदन करतो, ती मूळ खोलीच नव्हे. व्हिएन्नाची कॉफीहाऊस संस्कृती २०११पासून ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. या वारशाचे कौतुक करताना खांब आणि कमानींबरोबर हाकलल्या गेलेल्या माणसांचाही हिशेब मांडायला हवा. तो नसेल, तर आल्टेनबर्गचा पुतळा निव्वळ शोभेचा ठरतो. त्याच्यापाशी छायाचित्र काढण्याआधी त्याचे एखादे पान वाचलेले असावे, एवढी अपेक्षा तरी गैर नाही.