बळी दोघांचा, नाव एकाचंच
सच्छिद्र सिरॅमिकवर काम सुरू केलं की स्टुडार्ट आणि सहकाऱ्यांचा २००६चा रिव्ह्यू पेपर वाचावाच लागतो. त्यातले तीन गट: रेप्लिका, सॅक्रिफिशिअल टेम्प्लेट (बळी जाणारा साचा) आणि डायरेक्ट फोमिंग. मांडणी लख्ख आहे, पण दुसरं नाव चकवतं. बळी रेप्लिकामध्येही जातोच की! तिथे स्पंज सिरॅमिकच्या पातळ घोळात बुडवून, वाळवून जाळतात. उरलेल्या काड्या आतून पोकळ, म्हणून कमजोर. स्टार्चचे दाणे पावडरीत मिसळून जाळले, तर दाण्यांच्या जागी हवी तीच छिद्रं मिळतात. म्हणजे जळून झालेली पोकळी एकीकडे दोष, दुसरीकडे उद्दिष्ट. पेपर हा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह फरक सांगतो, पण नावात तो उतरत नाही. म्हणून वाचताना काय जळलं यापेक्षा त्याच्या जागी काय राहिलं, ते बघा.