ओठ न हलवता

पॅलाडिन या शपथबद्ध योद्ध्याचा दैवी घाव आता ढालीशिवायही अडवता येतो. समोरच्या जादूगाराचा, मंत्र उधळणारा ‘काउंटरस्पेल’ लागू पडला की पुरे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवण्याच्या खेळाच्या २०१४च्या नियमपुस्तकात ‘डिव्हाइन स्माइट’ ही पॅलाडिनची अंगभूत शक्ती होती. तलवार शत्रूला लागली की खेळाडूने एक स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या साठ्यातला एक वाटा, खर्च करायचा आणि घावात तेज उतरायचं. २०२४च्या पुस्तकात तोच स्माइट स्पेल झाला. स्पेल म्हणजे उच्चार आला, त्यामुळे ‘सायलेन्स’च्या निःशब्द घेऱ्यात तो निघत नाही. बार्बेरियनचा संताप अंगात असताना कुठलाच स्पेल टाकता येत नाही, म्हणून हे दोन क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, जोडून खेळणाऱ्यांचा जुना डावही मोडला. एका पाळीत दोन-तीन स्माइट हाणणं थांबलं, हे खरं आणि चांगलंही. पण त्यासाठी ‘एका पाळीत एकदाच’ एवढं एक वाक्य पुरलं असतं.

माझी तक्रार एका स्माइटपुरती नाही. या खेळात कुठल्याही पात्राला अद्भुत काही द्यायचं ठरलं, की रचनाकाराचा हात सवयीने स्पेलच्या यादीकडे जातो. मुळात ही यादी जादूगार आणि क्लेरिक (पुजारी) यांच्यासाठी होती. १९७४च्या पहिल्या आवृत्तीत रचनाकार गॅरी गायगॅक्सने स्पेलची रीत जॅक व्हान्सच्या कथांवरून घेतली: सकाळी पाठ करायचा, एकदा उच्चारला की डोक्यातून पुसला जातो. एका लेखकाच्या कल्पनेतली ही जादू पुढे सगळ्या खेळाचं चलन बनली. आणि गंमत बघा, १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत पॅलाडिन पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्याकडे एकही स्पेल नव्हता. तो हात ठेवून जखम बरी करी, रोग त्याला शिवत नसत. तीनच वर्षांनी आलेल्या ‘प्लेयर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात नवव्या पातळीपासून त्याला क्लेरिकचे स्पेल मिळाले. तेव्हापासून यादी लांबतच गेली.

मराठी वाचकाला यातला फरक समजावून सांगावा लागू नये. कर्णाकडे दोन्ही तऱ्हा होत्या. ब्रह्मास्त्र मंत्राचं, म्हणून ते शिकावं लागतं, आठवावं लागतं आणि परशुरामाच्या शापाने ऐन वेळी विसरतं. कवचकुंडलं मात्र जन्माची, अंगाला चिकटलेली. त्यांना उच्चार लागत नाही. ती काढायची तर अंगातून कापूनच काढावी लागतात. गेली पन्नास वर्षं या खेळाने बहुतेकांना ब्रह्मास्त्रंच वाटली, तीही एकाच कोठारातून.

यामागे आळस आहे तसा हिशेबही आहे. २०१४च्या हँडबुकाचा जवळपास पाव भाग नुसत्या स्पेलनी व्यापला आहे. साडेतीनशेहून अधिक स्पेल लिहून, तोलून तयार असताना नव्या क्लाससाठी वेगळी यंत्रणा उभारण्यापेक्षा त्यातलेच दहा उचलून देणं स्वस्त पडतं. म्हणून त्या पुस्तकातल्या बारा क्लासांपैकी आठ स्पेल टाकतात. उरलेल्या चौघांनाही वाण लागलाच. फायटरला स्पेल टाकणारा एल्ड्रिच नाइट हा मार्ग आहे, रोगला तसाच आर्केन ट्रिकस्टर आहे, आणि टोटेम पाळणारा बार्बेरियन प्राण्यांशी बोलायला विधीचा स्पेल वापरतो. जंगलात वाढलेल्या माणसाला लांडग्याशी बोलायला दहा मिनिटांचा विधी!

चौथा क्लास मंकचा. त्याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण एकाच दुखण्याचे दोन उपचार त्याच्यात शेजारी ठेवून बघता येतात. २०१४चा ‘फोर एलिमेंट्स’ मंक पंचमहाभूतांतल्या चौघांचा स्वामी म्हणवतो, प्रत्यक्षात ‘की’ या आंतरिक शक्तीचे पॉइंट मोजून जादूगाराचेच स्पेल विकत घेतो. जादूगाराला पाचव्या पातळीला मिळणारा ‘फायरबॉल’ याला अकराव्या पातळीला मिळतो, आणि त्या पातळीला असलेल्या अकरा पॉइंटांपैकी चार त्यात जातात. खेळताना वाटतं, आपण दुसऱ्याच्या दुकानातून चढ्या भावाने माल आणतोय. २०२४मध्ये हाच मार्ग नव्याने लिहिला गेला. नावापुरता एक किरकोळ स्पेल राहिला, पण मुख्य काम बदललं. एक पॉइंट खर्च केला की दहा मिनिटं मंकचे ठोसे दहा फूट अधिक लांब पोहोचतात, त्यांतून आग किंवा वीज निघते आणि ठोसा बसलेला शत्रू दहा फूट मागे ढकलला जातो किंवा पुढे ओढला जातो. म्हणजे त्याची जादू ठोशातच मुरली. मंक मंकच राहिला, फक्त त्याच्या हाताला वाऱ्याची लांबी आली.

त्याच पुस्तकात रेंजरचं मात्र नेमकं उलटं झालं. पूर्वी त्याला दुसऱ्या पातळीला स्पेल मिळायचे, आता पहिल्याच पातळीला मिळतात. त्याची ओळख ‘हंटर्स मार्क’ या एका स्पेलभोवती बांधली आहे, आणि विसाव्या पातळीचं बक्षीस काय, तर त्या स्पेलचा सहा बाजूंचा फासा दहा बाजूंचा होतो. आयुष्यभर रान तुडवून हाती काय आलं, तर मोठा फासा. माग काढणाऱ्याचं अद्भुत कशात असतं? मोडलेली काडी बघून तीन दिवसांपूर्वी इथून कोण गेलं ते सांगण्यात, पाणी कुठे लागेल ते वासावरून ओळखण्यात. या खेळात त्यासाठी एक फासा टाकतात नि पुढे जातात.

प्रकाशकांनीच २०१५मध्ये चाचणीसाठी स्पेलविरहित रेंजर मांडून बघितला होता. त्यात जडीबुटीचे लेप होते, विषावर उतारा होता, लढाईचे डावपेच होते. तो फसला असं मी म्हणेन, पण वेगळ्या कारणाने: स्पेल काढताना त्यातलं अद्भुतही निघून गेलं. उरला वैदूगिरी जाणणारा शिपाई. स्पेल काढणं सोपं असतं, त्या जागी काय ठेवायचं हा खरा प्रश्न. याच खेळाचं २००६चं ‘बुक ऑफ नाइन सोर्ड्स’ आणि २००८ची चौथी आवृत्ती यांनी तलवारबाजांना नावं असलेले डाव दिले. चौथ्या आवृत्तीत मात्र सगळ्यांच्याच शक्ती कधीही, चकमकीत एकदा, दिवसात एकदा अशा एकाच साच्यात बसवल्या गेल्या. पुष्कळांना ती आवृत्ती बेचव लागली ती यामुळेच, आणि त्यांचं मला अर्धं पटतं. तलवारबाज जादूगाराच्या बरोबरीला आला, पण जादूगारासारखाच दिसू लागला.

या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो १९९३चा ‘अर्थडॉन’. ‘फासा’ नावाच्या कंपनीच्या या खेळात योद्धा, चोर, तलवारबहाद्दर सगळेच ‘अ‍ॅडेप्ट’ असतात. प्रत्येकाची विद्या हीच त्याची जादू. योद्ध्याची कातडी लाकडासारखी चिवट होते, तो हवेवर पाऊल टाकून लढतो, आणि हे तो करतो ते योद्धा आहे म्हणून. मंत्र टाकणाऱ्यांच्या विद्याही आहेत, पण अनेकांतल्या काही एवढाच त्यांचा मान. शिवाय जादूची तलवार हाती आली म्हणून भागत नाही. तिचं नाव काय, ती कोणी घडवली, तिने काय पाहिलं, हे शोधून काढल्याशिवाय तिच्याशी धागा विणता येत नाही. शक्तीची किंमत इथे माहितीत मोजली जाते, आणि त्यातूनच गोष्टी जन्माला येतात.

‘पाथफाइंडर’ या खेळातला कायनेटिसिस्ट दुसरी किंमत सांगतो. २०१५च्या मूळ रूपात तो आग-पाणी अंगातून ओतायचा, आणि मर्यादेपलीकडे गेला तर शरीर ‘जळायचं’. ती इजा रात्रभर विश्रांती घेतल्याशिवाय कुठल्याच उपचाराने भरत नसे. २०२३च्या नव्या रूपात ते जळणं गेलं. आता मोठा वार केला की भोवतीचं तेजोवलय विझतं आणि पुन्हा पेटवावं लागतं. रचना म्हणून हे नीटनेटकं आहे, आणि नियम स्पष्ट सांगतात की त्याच्या शक्ती जादूच्या आहेत पण स्पेल नाहीत. तरी मला जुनंच जास्त आवडतं. हात पुढे करण्याआधी खेळाडू आपल्या जीवाचा आकडा बघायचा, आणि टेबलावर क्षणभर सगळे गप्प व्हायचे.

पॅलाडिनसाठी अशी किंमत शोधायला फार लांब जायला नको, ती त्याच्या शपथेतच आहे. भीष्माला इच्छामरण मिळालं ते प्रतिज्ञेच्या बदल्यात. १९७८चा पॅलाडिनही दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगू शकत नसे, मिळकतीचा दहावा हिस्सा दान करी, आणि जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गमावून बसे. ते नियम जाचक होते आणि त्यांवरून टेबलावर भांडणंही फार होत. पण शक्ती कुठून येते याचं उत्तर त्यांत होतं. आजच्या पुस्तकांत शपथभंगाचा विषय खेळ चालवणाऱ्या डीएमच्या मर्जीवर सोडला आहे. त्याने मनावर घेतलं नाही, तर शपथ पाळा नाहीतर मोडा, आठ तासांची विश्रांती घेतली की पॅलाडिनचे सगळे स्लॉट पुन्हा भरलेले असतात.