परफॉर्मन्स कलेचे जतन : कृतीचे की छायाचित्राचे?

‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दातच वस्तू गृहीत धरलेली आहे. परफॉर्मन्स कलेत मात्र कलावंताचे शरीर, विशिष्ट काळ आणि समोरचा प्रेक्षक हेच मुख्य साहित्य असते. काळ सरला की कृतीही संपते. पेगी फेलन यांनी ‘अनमार्क्ड’ (१९९३) या ग्रंथात ही कला केवळ वर्तमानातच जगते, अशी भूमिका मांडली. ती ग्राह्य मानल्यास संग्रहालयाने नेमके काय जतन करावयाचे, हा प्रश्न उरतो.

मारिना अब्रामोविच यांनी पुनर्प्रयोग हे त्याचे उत्तर दिले. नोव्हेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांनी ‘सेव्हन ईझी पीसेस’ हा उपक्रम सलग सात दिवस, दररोज सात तास सादर केला. त्यांतील पाच कृती इतर कलावंतांच्या होत्या. त्यांसाठी परवानगी घेण्याचा त्यांचा आग्रह निःसंशय स्वागतार्ह होय. तथापि व्हाली एक्सपोर्ट यांच्या ‘जेनिटल पॅनिक’ या कृतीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. मूळ कृती म्युनिकमधील चित्रपटगृहात, प्रेक्षकांच्या रांगांमधून चालत झाली. पडद्यावरील स्त्रीदेह न्याहाळण्यास सरावलेल्या प्रेक्षकासमोर प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली, हा तिचा गाभा होता. हाती बंदूक घेतलेली सुप्रसिद्ध प्रतिमा मात्र पीटर हासमान यांनी १९६९ मध्ये व्हिएन्ना येथे स्वतंत्रपणे टिपलेली आहे. अब्रामोविच यांनी साकारली ती हीच बंदूकधारी मुद्रा. अर्थात पुनर्प्रयोग झाला तो छायाचित्राचा, कृतीचा नव्हे.

टिनो सेगल यांचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. ते छायाचित्रण व लेखी करार दोन्ही नाकारतात. विक्रीचा व्यवहारही तोंडीच होतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २००८ मध्ये त्यांची ‘किस’ ही कृती संग्रहात घेतली. येथे कृती माणसांच्या स्मरणातून पुढे जाते. परंतु प्रयोग न पाहिलेल्या अभ्यासकाला तपासण्याजोगा पुरावा उरत नाही.

यावर छायाचित्रे त्याज्य ठरविणे हा उपाय नव्हे. फिलिप ऑसलँडर यांनी २००६ मध्ये दाखविल्याप्रमाणे दस्तऐवज हा कृतीचा निव्वळ अवशेष नसून कृतीला कृतीपण देणारा घटकही असतो. मात्र कृती आणि प्रतिमा यांची नोंद स्वतंत्रपणे होणे अगत्याचे आहे. छायाचित्र कोणी, केव्हा, कोठे व कोणासाठी टिपले, हे प्रश्न कलासमीक्षेने प्रथम विचारावयास हवेत. अन्यथा चित्रपटगृहातील प्रेक्षकांना सामोरी गेलेली स्त्री इतिहासातून नाहीशी होईल आणि केवळ बंदूक तेवढी शिल्लक राहील.